कंडक्टरकाकांचं हाफ तिकीट

माझी धाकटी बहीण ऋतुजा हिच्यावर गेल्या संक्रांतीच्या दुसऱ्या दिवशी, सकाळी सव्वासात वाजता, कळंबच्या मोंढ्यामागच्या मैदानावर, सव्वीस मुली आणि रवंथ करत बसलेली एक म्हैस यांच्यादेखत अन्याय झाला. आदल्याच आठवड्यात महिलांच्या खो-खो संघातल्या भल्याभल्या बायांना पावणेतीन मिनिटं हुलकावण्या देऊन दमवलेल्या या मुलीला वर्षभरासाठी लहान मुलींच्या संघात बसवण्यात आलं. अन्याय करणारे गृहस्थ आमच्या शेजारी राहतात. एसटीतून कंडक्टर म्हणून निवृत्त झालेत, नोकरीत असल्यापासून फुकट खो-खो शिकवतात, आणि मी जबाबदारीनं लिहिते की अख्ख्या धाराशिव जिल्ह्यात माणसाच्या वयाचा त्यांच्याइतका खोल विचार केलेला दुसरा माणूस नाही आणि वय ठरवण्यात त्यांच्याइतका ठार चुकलेलाही नाही. मी पत्रकं लिहिते. नळाला पाणी नाही, पत्रक. वाचनालयाला कुलूप, पत्रक. नाव घेऊन ठणकवायची मला सवय आहे. पण यांचं नाव घेत नाही, कारण नावानं त्यांना कुणी ओळखतच नाही. प्रवासी त्यांना मास्तर म्हणायचे, मुली अजून म्हणतात, आणि आम्ही शेजारी कंडक्टरकाका म्हणतो.

तीस वर्षं चालत्या गाडीत उभं राहिल्यामुळं काकांना थांबलेल्या जमिनीवर उभं राहता येत नाही. मैदानाच्या कडेला ते पाय फाकवून, एक गुडघा लिंबाच्या खोडाला टेकवून उभे असतात, आणि पळणारी मुलगी खांबाला वळसा घालून गेली की काका वळणाच्या बाजूला कलतात. खेळ रंगात आला की त्यांचा हात आपोआप वरचा दांडा शोधतो. दांडा नसतो, म्हणून ते लिंबाची फांदी धरतात. ती फांदी एका जागी एवढी गुळगुळीत झालीय की तिच्यावर आता मुंगीसुद्धा घसरते. मैदानावर शिट्टी नाही. भंगारातून आणलेली एसटीची घंटी लिंबाला टांगलेली आणि तिला सुतळी बांधलेली. एक टोला म्हणजे थांबा, दोन टोले म्हणजे पळा. ही घंटी आमच्या मुलींच्या अंगात इतकी भिनलीय की बाजारात कुणाच्या सायकलची घंटी दोनदा वाजली तर मेथी निवडत बसलेली मुलगी जुडीसकट सुटते. आमच्या ऋतुजाची एकदा शाळेत प्रार्थना चालू असताना अशीच पंचाईत झाली. शिपायानं चुकून दोन टोले दिले, आणि ही झेंड्याच्या खांबाला वळसा घालून परत रांगेत.

मैदानातल्या मधल्या पट्टीत आठ मुली एकाआड एक उलट तोंडं करून बसतात, ते काकांच्या लेखी आठ थांबे. एका टोकाचा खांब कळंब, दुसऱ्या टोकाचा धाराशिव, आणि मधे येरमाळा, येडशी आणि बाकीची गावं. सामना चालू असताना काकांचा आवाज पार मोंढ्यात धान्याची पोती उचलणाऱ्या हमालांपर्यंत जातो. "येडशीला खो दे! येडशीला! येरमाळ्याला कशाला उतरलीस गं?" बाहेरगावच्या संघांना ही काहीतरी सांकेतिक भाषा वाटते. सास्तूरच्या स्पर्धेत तर पंचांनी सामना थांबवून काकांना बोलावलं आणि विचारलं, "तुम्ही मुलींना बाहेरून काय सांगायलाव?" काका अगदी सरळ चेहऱ्यानं म्हणाले, "रूट." पंचांनी वहीत तसंच लिहून घेतलं आणि सामना पुढं चालू केला. नवी मुलगी मैदानावर आली की तिला काका पहिल्यांदा खेळाबद्दल काहीच सांगत नाहीत. "दप्तर म्होरं घी. दारात हुबी ऱ्हाऊ नगं. उतरणाऱ्याला आधी उतरू दी." यातलं तिसरं वाक्य मुलींना दोन वर्षांनी कळतं, कारण खो घेऊन उठताना नेमकं तेच करायचं असतं.

तर या माणसानं मैदानावर दोन संघ केलेत. लहान मुलींचा तो हाफ आणि बायांचा तो फुल. प्रत्येकीला पुठ्ठ्याचं एक तिकीट. हाफचं गुलाबी, फुलचं पांढरं. रोज आलं की काका जुन्या चिमट्यानं त्याला भोक पाडतात आणि चौदा वर्षांखालची मुलगी फुलमध्ये जायची असेल तर ते म्हणतील तेव्हाच. संक्रांतीच्या दुसऱ्या दिवशी त्यांनी ऋतुजाच्या हातात गुलाबी तिकीट ठेवलं. सगळ्यांदेखत. मी तिथंच होते. माझ्या डोक्यात पत्रकाचा मथळा त्याच क्षणी तयार झाला.

मी स्पष्ट विचारते. कोवळा खेळाडू कुठं तयार होतो, मोठ्यांत टाकल्यावर की जोडीच्यांत ठेवल्यावर? माझं मत तेव्हा बिलकूल पक्कं होतं. पोलीस भरतीची तयारी करणारी चोवीस वर्षांची बाई मागं लागली की पायांना जे कळतं, ते शेजारची पिंकी मागं लागल्यावर कळत नाही. हे मी काकांना तोंडावर सांगितलं. काका मला पत्रकताई म्हणतात. म्हणाले, "फुलच्या गाडीत गर्दी लई असती, पत्रकताई. पोरगी चढंल, न्हाय कोण म्हणतंय? पर दांड्याला धरून हुबी ऱ्हाईल. हाफमधी तिला खिडकी हाय."

"खिडकीत बसून कुणी शिकतं का, काका?"

"मग कुठं शिकतंय? चुकायला जागा लागती. फुलमधी आधी मोठ्या बाया चुकणार, मग मधल्या चुकणार. हिचा चुकायचा नंबर येईस्तोवर पंच म्हणतोय, चला, खेळ खलास. हाफमधी ही पहिल्या तुकडीत पळती. रोज चुकती. तिचं तिला कळतंय, तिचं ती सुधारती. म्या मधी बोलतबी न्हाय."

हे शेवटचं धादांत खोटं होतं. ते मधे फक्त बोलतातच. मी तसं म्हणाले, तर त्यांनी एक टोला दिला आणि मी गप्प झाले. शेजारी राहून माझ्याही अंगात ती घंटी भिनलीय, हे मी पत्रकात लिहिलं नव्हतं, इथं लिहिते.

मग आई मैदानावर काकांना भेटायला गेली. ऋतुजाचा जन्माचा दाखला पदराखाली घेऊन, दुसऱ्या दिवशी सकाळी. इथं एक जुनी भानगड सांगावी लागते. त्याच्या सव्वा वर्ष आधी, दिवाळीच्या सुट्टीत, आई ऋतुजाला घेऊन रामलिंगाला निघाली होती. येडशीच्या गाडीत कंडक्टर काकाच. ऋतुजाला बारा पूर्ण होऊन महिना झाला होता. बारा वर्षांपर्यंत अर्धं तिकीट हा एसटीचा जुना नियम, आणि कंडक्टर समोर आला की लेकराचं वय कमी सांगायचं हा आमच्याकडच्या आयांचा त्याहून जुना. आई सवयीनं बोलून गेली, "साडेधाचं हाय लेकरू." आता गंमत बघा. तोपर्यंत बायकामुलींना सरसकट अर्धंच तिकीट झालेलं होतं. ऋतुजा बाराची असती, बावीसची असती, आईची थोरली जाऊ असती, तरी तिकीट अर्धंच होतं. म्हणजे आईचं खोटं सपशेल वाया गेलं. आई ते रामलिंगाच्या पायऱ्या उतरेपर्यंत विसरलीसुद्धा. काका विसरले नाहीत.

"भाऊजी, ही सव्वातेराची झाली. ह्यो दाखला बघा."

काकांनी दाखला पुढून बघितला, मागून बघितला, पाचशेची नोट धरावी तसा उन्हात धरून बघितला. मग म्हणाले, "वहिनी, येडशीच्या गाडीत तुमी हिला साडेधाची सांगितली हुती. त्याला झालं सव्वा वर्स. म्हंजी पावणेबारा."

आईनं इकडंतिकडं बघितलं. सव्वीस मुली कान टवकारून. आवाज खाली आणून म्हणाली, "तवा खोटं बोलले व्हते ओ."

"खोटं?" काका एवढ्या मोठ्यानं म्हणाले की म्हशीनंही रवंथ थांबवलं. "तिकीट तर समद्या बायांना अर्धंच. खोटं बोलून फायदा काय हुता?"

"कायच न्हवता."

"मग? तीस वर्सं झाली वहिनी, फायदा नसताना वय चोरलेली बाई म्या एकबी बघितली न्हाय. फायदा न्हवता, म्हंजी ते खरं हुतं."

"आन् ह्यो दाखला?"

"दाखला कागद हाय. तुमी समक्ष बोललाव."

आई घरी आली ती दाखल्याकडं संशयानं बघत. दुपारी तिनं मला विचारलं, "काय गं, तुझ्या ध्यानात हाय का, ही नेमकी कवा झाली?" एका माणसाच्या तर्कानं माझ्या सख्ख्या आईला तिच्या बाळंतपणाबद्दल शंका यावी, यापलीकडं अन्याय काय असतो?

मी पत्रक काढलं. जाहीर निषेध! हाफ तिकीट बंद करा! मैदानावरची कंडक्टरशाही मोडून काढा! खाली सात मागण्या, पहिली ऋतुजाला फुलमध्ये घ्या, सातवी घंटी काढा. आठवडी बाजाराच्या दिवशी मी कांद्याच्या ढिगाऱ्यापाशी उभी राहून वाटायला लागले. लोक पत्रक घेत होते आणि त्यात हिरव्या मिरच्या बांधून नेत होते. तेवढ्यात काका आले. त्यांनी एक पत्रक उभ्याउभ्या वाचलं, माझ्या हातातला गठ्ठा काढून डाव्या काखेत मारला आणि गर्दीत शिरले. "म्होरं सरका, म्होरं सरका. एकाला एकच. मागं कोण ऱ्हायलंय?" प्रत्येक पत्रकाला चिमट्यानं भोक पाडून हातात. भोक पाडलेला कागद फेकायची हिंमत आमच्याकडं कुणाची होत नाही, तपासनीस आला तर काय दाखवायचं? लोकांनी पत्रकं घडी घालून खिशात ठेवली. अर्ध्या तासात गठ्ठा खलास. माझं कुठलंच पत्रक आजवर इतकं खपलेलं नाही. परत येऊन काका म्हणाले, "मजकूर झ्याक हाय. पर मागण्या सात लई हुत्यात. प्रवासी दोनच वाचतोय."

खरंच तसं झालं. लोकांनी पहिल्या दोनच वाचल्या. दुसरी मागणी होती, 'प्रत्येक गुणी मुलीला फुलचं तिकीट द्या', आणि आपली मुलगी गुणी नाही असं म्हणणारा बाप कळंबमध्ये अजून जन्मायचाय. आठ दिवसांत दहा जणांनी मैदान सांभाळणाऱ्या मंडळाच्या वडीलधाऱ्यांना धरलं. वडीलधाऱ्यांनी बैठक घेतली, चहा घेतला आणि दहाच्या दहा मुली फुलमध्ये घातल्या, ऋतुजा सगळ्यात पुढं. काकांनी वाद घातला नाही. लिंबाखाली गेले, सुतळी सोडली, घंटी उतरवली, टॉवेलात गुंडाळली. मला म्हणाले, "गाडी तुमची. चालवा." मी त्या दिवशी मैदानावर पेढे वाटले. हेही लिहिलंच पाहिजे.

पुढच्याच महिन्यात येडशीला स्पर्धा होती. आमचा फुल संघ गेला, मीही घोषणा द्यायला गेले. ऋतुजानं तीन सामने चपला राखल्या. थट्टा नाही, अक्षरशः. नऊ बायांच्या नऊ जोड चपला, चौदा केसांच्या पिना, दोन मोबाइल आणि एकीचं मंगळसूत्र. मोठ्या बाया चांगल्या होत्या, तिला बाळ म्हणत होत्या, सामना संपला की तिच्याच हातून पाणी पीत होत्या. तिसऱ्या सामन्यात एकीचा पाय मुरगळला म्हणून शेवटच्या तुकडीत ऋतुजाला उतरवलं. पावणेतीन मिनिटं पळणारी माझी बहीण सहा सेकंदांत बाद झाली. मैदानात उतरली आणि उभी राहिली. नुसती उभी. मी बाहेरून घसा फोडून ओरडत होते, पळ, पळ! नंतर विचारलं, काय झालं गं? म्हणाली, "डबल बेलची वाट बघत होते."

परतीच्या गाडीत ती खिडकीशी बसली नाही. जागा असून मधल्या दांड्याला धरून उभी राहिली. येरमाळा आलं. मग म्हणाली, "ताई, मला फुल पाहिजे असं तुला कुणी सांगितलं होतं?"

"अगं, तुझ्यावर अन्याय—"

"मी संक्रांतीला तुला म्हणाले होते का? मी त्या दिवशी घरी आले, तिळगूळ खाल्ला आणि झोपले. रडलं कोण? तू आणि आई."

मी घोषणांचा कागद घडी घालून पर्समध्ये ठेवला.

घरी येऊन ऋतुजानं आईला हकिकत सांगितली आणि दुसऱ्या दिवशी आई परत निघाली. या वेळी दाखला न घेता. काका आता सकाळ-संध्याकाळ कळंबच्या बसस्थानकावर, वेळापत्रकाखालच्या बाकड्यावर बसलेले असतात. कुणी विचारलं नाही तरी गाड्या सांगतात. गाडी हलली की त्यांचा उजवा हात वर जातो आणि हवेत दोनदा ओढतो. मग ते तो हात केसांवरून फिरवल्यासारखं करतात. केस नाहीत.

आई त्यांच्यासमोर उभी राहिली आणि देवाची शपथ घ्यावी तशा आवाजात म्हणाली, "भाऊजी, दाखल्यात चूक हाय. पोरगी बाराचीच हाय. हाफमधी घ्या."

काकांनी विचारलं, "वहिनी, यात तुमचा फायदा हाय का?"

"हाय."

"मग हे खोटं," असं म्हणून ते इतके हसले की भूमच्या गाडीतला ड्रायव्हर खाली उतरून बघायला आला. हसू आवरल्यावर म्हणाले, "वहिनी, हिचं वय मला येडशीच्या गाडीतच कळलं हुतं. आईनं वय कमी सांगितलं की बाराच्या आतलं लेकरू कंडक्टरच्या तोंडाकडं बघतंय. बारा वलांडलेलं खाली चपलांकडं बघतंय. ऋतुजा चपलांकडं बघत हुती."

"मग त्या दिशी पावणेबारा कशापायी म्हणलाव?"

"चौदा झाल्यावर कोण हाफमधी बसू देतंय? कायदाच हाय. राहिलेत ते म्हैने बसू द्या की खिडकीला. म्होरं जल्मभर हुबंच ऱ्हायचंय."

आई डोळ्यांना पदर लावून म्हणाली, मग चला मैदानावर. आणि इथं काकांनी मान हलवली. रागानं नाही. नियम सांगितला. खो-खोला नऊ लागतात. माझ्या पत्रकानंतर हाफमध्ये उरल्या सहा. येडशीच्या स्पर्धेनंतर फक्त ऋतुजा हट्टानं हाफमध्ये परत आली, ती सातवी. बाकीच्यांचे बाप अजून माझं पत्रक खिशात घेऊन फिरतात, भोकासकट, आणि मुली फुलच्या चपला राखतात. "सातावर गाडी सुटत न्हाय," काका म्हणाले. "नऊ झाले की हाक मारा. घंटी तयार हाय." टॉवेलात गुंडाळलेली घंटी त्यांच्या शेजारी बाकड्यावरच होती. ते ती घरी ठेवत नाहीत.

तेव्हा मी माझं म्हणणं दुरुस्त करते. अन्याय संक्रांतीच्या दुसऱ्या दिवशी झाला नाही. तो त्यानंतरच्या बाजारच्या दिवशी, सकाळी अकराच्या सुमाराला, कांद्याच्या ढिगाऱ्यापाशी झाला, आणि करणारी मी. ज्याच्यावर केला त्यानंच माझी पत्रकं वाटून दिली. कोवळा खेळाडू कुठं तयार होतो, या प्रश्नावर माझ्याकडं आता सात मागण्या नाहीत. एकच आहे आणि ती तुमच्याकडं आहे.

ऋतुजाला चौदा पूर्ण व्हायला पाच महिने उरलेत. त्या सात मुली रोज सकाळी लिंबाखाली येतात, गुलाबी तिकिटं हातात धरून बसतात आणि ऊन चढलं की घरी जातात. फांदीवर पुन्हा मुंग्या चढायला लागल्यात. आम्हाला दोन मुली पाहिजेत. तुमच्या घरात, गल्लीत, वस्तीवर दहा ते तेरा वर्षांची मुलगी असेल, तर उद्या सकाळी सहाला तिला मोंढ्यामागं पाठवा. पळता येत नसलं तरी चालेल. बूट नसले तरी चालेल. काका तिचं वय विचारतील, तेव्हा खरं सांगा, आणि तुम्ही सांगत असताना ती कुठं बघते तिकडं लक्ष ठेवा.